एनडीएम-१ ची स्फटिकरचना: क्लोनपासून पीडीबीपर्यंत, झिंक न गमावता

एनडीएम-१ (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे बॅक्टेरियाचं एन्झाइम पेनिसिलीन, सेफॅलोस्पोरीन आणि कार्बापेनेम या तिन्ही कुळांतली प्रतिजैविकं निकामी करतं. या औषधांच्या रेणूत चार अणूंचं बीटा-लॅक्टम वलय असतं. एन्झाइम पाण्याच्या मदतीने ते वलय उघडतं आणि औषधाची मारकशक्ती संपते. टेम-१, केपीसी-२, सीटीएक्स-एम-१५ ही एन्झाइम्स हेच काम सेरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर करतात. एनडीएम-१ मध्ये ते झिंकचे दोन आयन करतात. त्यामुळे सेरीनवाल्यांना रोखणारं क्लाव्ह्युलॅनिक आम्ल किंवा अ‍ॅव्हिबॅक्टम इथे लागू पडत नाही. नवा रोधक शोधायचा तर या दोन आयनांभोवतीची मांडणी अणूगणिक माहीत असावी लागते, आणि ती प्रोटीनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून कळते.

स्फटिकशास्त्राच्या दृष्टीने हे प्रोटीन नवशिक्यांना झेपणारं आहे. वजन सुमारे २५ किलोडाल्टन, पाण्यात चांगलं विरघळतं, स्फटिक चांगले आले तर १.५ अँगस्ट्रॉमच्या पलीकडेही विवर्तन मिळतं (आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक). अवघड आहे ते झिंक टिकवणं. एकच झिंक उरलेलं, झिंकच नसलेलं किंवा झिंकच्या जागी निकेल बसलेलं प्रोटीनही तितकेच देखणे स्फटिक देऊ शकतं, आणि आर-फॅक्टरही (मॉडेल आणि डेटा यांतली तफावत) तितकाच चांगला येऊ शकतो. फसगत होते ती शेवटी, क्रियास्थळाचं चित्र काढताना. म्हणून पुढची प्रत्येक पायरी वाचताना एकच प्रश्न विचारत राहा: इथे झिंकचं काय होईल?

सुरक्षेची बाजू

तुम्ही प्रतिरोधाचा जनुक प्रयोगशाळेतल्या ई. कोलायमध्ये घालणार आहात. काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी घ्या. फक्त प्रयोगशाळेचे दुबळे स्ट्रेन वापरा. कल्चर, पेशींचा गाळ, कॉलममधून वाहून गेलेलं द्रावण असं सगळं १२१ अंश सेल्सियसला ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय सिंकमध्ये जाऊ देऊ नका. पुढे सांगितल्याप्रमाणे सिग्नल पेप्टाइड काढून टाकलं की एन्झाइम पेशीद्रवातच राहतं. औषध जिथे काम करतं त्या पेरिप्लाझममध्ये ते पोचत नाही, त्यामुळे प्रतिरोध खूप कमी होतो. पण तो शून्य होतो असं धरून चालू नका.

१. क्लोन: कुठून कापायचं, कोणता व्हेक्टर घ्यायचा

पूर्ण साखळी २७० अमिनो आम्लांची आहे. सुरुवातीला लिपोप्रोटीनचं सिग्नल पेप्टाइड असतं आणि २६व्या सिस्टीनला लिपिड जोडलं जातं. त्याच्या आधारे हे एन्झाइम बॅक्टेरियाच्या बाह्य पटलाला चिकटून राहतं. हा भाग ठेवला तर प्रोटीन पटलात अडकतं. त्यानंतरची दहा-पंधरा अमिनो आम्लंही लवचिक असतात आणि क्ष-किरणांच्या डेटातून काढलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात बहुतेक वेळा दिसत नाहीत. ३६ ते २७० हा तुकडा सुरुवातीला चांगला. स्फटिक नीट आले नाहीत तर ४० किंवा ४२ पासून सुरू होणारा दुसरा तुकडाही बनवून ठेवा. एक-दोन अमिनो आम्लांच्या फरकाने स्फटिकाची रचना पार बदलू शकते.

साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला सहा हिस्टिडीनचा टॅग (निकेल कॉलमवर प्रोटीन धरून ठेवणारा) आणि त्यानंतर टीईव्ही प्रोटिएज हे एन्झाइम कापेल ती जागा ठेवा. टॅग काढता येणं इथे सक्तीचं समजा, कारण हिस्टिडीनचा टॅग झिंक धरतो. त्यामुळे झिंकचं मोजमाप चुकतं आणि झिंक घातल्यावर प्रोटीनचे रेणू एकमेकांना चिकटून गाळ होतो.

व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारा डीएनए) कॅनामायसिन-प्रतिरोधाचा निवडा, उदाहरणार्थ पीईटी-२८. अँपिसिलीनच्या व्हेक्टरवर टेम बीटा-लॅक्टमेजचा जनुक असतो. म्हणजे निवडीसाठी वापरलेलं एन्झाइमच तुमच्या प्रोटीनमध्ये मिसळू शकतं आणि सक्रियतेची चाचणी बिघडवू शकतं. शिवाय एनडीएम-१ स्वतःच अँपिसिलीन तोडत असल्यामुळे निवडीचा दाबही भरवशाचा राहत नाही.

२. कल्चर

बीएल२१(डीई३) पेशी, दोन लिटर एलबी माध्यम, लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅनामायसिन. ३७ अंशांवर ६०० नॅनोमीटरची ओडी (गढूळपणाचं माप) ०.६ ते ०.८ होईपर्यंत वाढवा. मग फ्लास्क १८ अंशांवर आणा, अर्धा तास थांबा, ०.२ ते ०.५ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) घाला आणि १६ ते १८ तास हलवत ठेवा. आयपीटीजीबरोबरच ५० ते १०० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड किंवा सल्फेट घाला.

इथे टीबी माध्यम टाळा. त्यात फॉस्फेट भरपूर असतं, झिंक त्याच्याशी अविद्राव्य क्षार बनवून खाली बसतं आणि पेशींना मिळतच नाही. झिंक जास्त घालूनही उपयोग नाही, कारण काहीशे मायक्रोमोलरला पेशींची वाढ मंदावते.

पेशी जमवून बर्फावर ठेवा. लगेच फोडायच्या नसतील तर उणे ८० अंशांवर गोठवा.

३. शुद्धीकरण

पेशी फोडण्याचा बफर: ५० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५, ५०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २० मिलिमोलर इमिडॅझोल. प्रोटिएज रोधकाची गोळी ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) नसलेलीच घ्या. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचा, कारण झिंक गमावण्याचं सर्वांत सामान्य कारण हीच गोळी असते. लायसोझाइम घालून बर्फावर अर्धा तास ठेवा. मग सोनिकेट करा: दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद, चालू वेळ एकूण पाच मिनिटं. ४०,००० जी वर ४० मिनिटं फिरवा आणि वरचं द्रावण ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढा.

निकेल कॉलमवर चढवा, ४० मिलिमोलर इमिडॅझोलने २८० नॅनोमीटरची रेषा सपाट होईपर्यंत धुवा, ३०० मिलिमोलरने उतरवा. टीईव्ही प्रोटिएज वजनाने पन्नासास एक या प्रमाणात घाला आणि ४ अंशांवर रातभर डायलिसिस करा: २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर टीसीईपी (क्षपणकारक). टीईव्हीसोबत नेहमी सुचवलेले डीटीटी आणि ईडीटीए इथे वापरू नका, दोन्ही झिंक ओढतात. या पायरीत वरून झिंकही घालू नका. टीईव्ही हे सिस्टीनवर चालणारं प्रोटिएज आहे, झिंकने ते मंदावतं.

सकाळी जेलवर तपासा. टॅग निघालेली पट्टी स्पष्टपणे खाली सरकलेली दिसली पाहिजे. मग द्रावण पुन्हा निकेल कॉलममधून सोडा. टॅग, टॅगधारी टीईव्ही आणि न कापलेलं प्रोटीन कॉलमवर राहील, तुमचं प्रोटीन आरपार येईल. ते किंचित चिकटत असेल तर २० मिलिमोलर इमिडॅझोलने उतरतं.

४. झिंक भरा, मग मोजा

बफरमध्ये ५० मायक्रोमोलर झिंक आहे म्हणजे प्रोटीन झिंकने भरलेलं आहे, असं पुष्कळांना वाटतं. हिशोब करून बघा. २५ किलोडाल्टनचं प्रोटीन २५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर त्याची संहती १ मिलिमोलर होते. प्रत्येक रेणूत दोन जागा, म्हणजे २ मिलिमोलर झिंक हवं. ५० मायक्रोमोलर म्हणजे त्याचा चाळिसावा भाग. घट्ट प्रोटीनमध्ये एकदम भरपूर झिंक घालणं हाही उपाय नाही, त्याने गाळ होतो.

म्हणून झिंक पातळ अवस्थेत भरा. दुसऱ्या निकेल कॉलमनंतर प्रोटीन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४० मायक्रोमोलर करा. १०० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड थोडं थोडं करत, हलवत घाला. बर्फावर तासभर ठेवा, गढूळपणा आला तर फिरवून काढून टाका. आता १० किलोडाल्टनच्या फिल्टरवर घट्ट करून, आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या सुपरडेक्स ७५ कॉलमवर चढवा. बफर २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड. जादा झिंक, सुटलेलं निकेल आणि टीसीईपी इथेच मागे राहतात. १६/६०० कॉलमवर ४५ मिलिलिटरच्या आसपास मोठं शिखर आलं तर ते गुठळ्यांचं आहे, ते फेकून द्या. एकट्या रेणूचं शिखर त्याच्या बरंच नंतर येतं.

मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. आयसीपी-एमएस (वस्तुमानावरून धातू मोजणारं उपकरण) उपलब्ध असेल तर उत्तम, कारण ते झिंक आणि निकेल वेगवेगळं सांगतं. नसेल तर पीएआर हा रंगकारक वापरा. प्रोटीन ६ मोलर ग्वानिडीनमध्ये उलगडा, पीएआर घाला आणि ५०० नॅनोमीटरला झिंकच्या माहीत द्रावणांशी तुलना करा. पीएआर निकेललाही रंग देतो, हे विसरू नका. प्रति रेणू १.८ ते २.१ झिंक आलं तर पुढे चला. १.२ सारखा आकडा आला तर स्फटिक लावण्यात वेळ घालवू नका, मागे जाऊन झिंक पुन्हा भरा. २.५ च्या वर गेलं तर टॅग पूर्ण कापला गेला नसेल किंवा जादा झिंक धुतलं गेलं नसेल.

सक्रियताही त्याच दिवशी बघा. नायट्रोसेफिन हे चाचणीचं बीटा-लॅक्टम तुटलं की पिवळ्याचं लाल होतं, शोषण ४८५ नॅनोमीटरच्या आसपास वाढतं. इमिपेनेम तुटताना ३०० नॅनोमीटरचं शोषण घटतं. अ‍ॅझट्रिओनाम मात्र या एन्झाइमने तुटत नाही, त्याचा उपयोग नकारात्मक नियंत्रण म्हणून होतो. त्याचंही विघटन दिसलं तर नमुन्यात दुसरं बीटा-लॅक्टमेज मिसळलं आहे.

प्रोटीन २५ ते ३० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करा. ५० मायक्रोलिटरचे भाग द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा आणि उणे ८० ला ठेवा. वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका.

५. स्फटिक लावणं

९६ विहिरींची बैठ्या थेंबाची प्लेट, विहिरीत ५० ते ८० मायक्रोलिटर द्रावण, थेंबात २०० नॅनोलिटर प्रोटीन आणि २०० नॅनोलिटर विहिरीतलं द्रावण, तापमान २० अंश. एका प्लेटला वाया जाणारा भाग धरून सुमारे ४० मायक्रोलिटर, म्हणजे मिलिग्रॅमभर प्रोटीन लागतं. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने बघा.

तयार स्क्रीनच्या (स्फटिकासाठीच्या द्रावणांच्या तयार संचाच्या) यादीवर आधी पेन्सिल फिरवा. सायट्रेट झिंक ओढतं. टार्ट्रेट आणि मॅलोनेट कमी प्रमाणात तेच करतात. कॅडमियम, कोबाल्ट, निकेल झिंकची जागा घेऊ शकतात. फॉस्फेट झिंकबरोबर स्वतःचेच स्फटिक बनवतं. कॅकोडायलेटचा धोका सगळ्यात लपलेला आहे. ते सिस्टीनच्या गंधकाशी जोडलं जातं, विशेषतः थायॉल असलेला क्षपणकारक सोबत असेल तर. एनडीएम-१ मध्ये २०८वं सिस्टीन झिंक धरून बसलेलं आहे, तिथेच आर्सेनिक चिकटलं तर नकाशात एक अनोळखी जड गोळा दिसतो आणि झिंक-२ ची (दोन आयनांपैकी हे सिस्टीन धरतं त्याची) जागा विस्कटते. या विहिरींत स्फटिक आले तर त्यांचा उपयोग बीज म्हणून करा. अंतिम डेटा तिथून घ्यायचा मोह टाळा.

पीएचकडेही लक्ष हवं. ६ च्या खाली गेल्यावर हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टेट धातू सैल धरतात, आणि आधी सुटतं ते झिंक-२. ५.५ ला सुंदर स्फटिक आले तरी तीच स्थिती ६.५ ला मिळते का हे पाहणं मेहनतीचं मोल देणारं आहे.

सुधारणेसाठी पहिली जाळी अशी मांडा: पीईजी ३३५० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) हे १८, २१, २४, २७, ३० टक्के. बिस-ट्रिस पीएच ५.८, ६.२, ६.६, ७.०. अमोनियम सल्फेट ०.२ मोलर कायम. २४ विहिरींची टांगत्या थेंबाची प्लेट, विहिरीत ५०० मायक्रोलिटर, थेंब १ अधिक १ मायक्रोलिटर.

असंख्य बारीक सुया आल्या तर अंकुर जास्त होताहेत: प्रोटीन अर्ध्यावर आणा किंवा पीईजी दोन-तीन टक्क्यांनी उतरवा. महिनाभर स्वच्छ थेंबच राहिला तर उलट करा. दोन्हींच्या मधला उपाय म्हणजे बीजारोपण. एक थेंब ५० मायक्रोलिटर विहिरीच्या द्रावणात काचेच्या मण्यासोबत व्हॉर्टेक्स करून चुरा. दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करा आणि नव्या थेंबात ०.१ मायक्रोलिटर घाला. चुरा उणे ८० ला महिनोन्महिने टिकतो.

क्षाराचे स्फटिक ओळखायला शिका. सुईने दाबल्यावर कडकन तुटतात, रंगद्रव्य शोषत नाहीत, अतिनील प्रकाशात चमकत नाहीत. प्रोटीनचा स्फटिक मऊ असतो, भुगा होतो. झिंक आणि फॉस्फेट दोन्ही थेंबात असतील तर ही तपासणी केल्याशिवाय स्फटिक बीमलाइनवर (क्ष-किरणांच्या केंद्रावर) नेऊ नका.

६. औषध किंवा रोधक आत घालणं

स्फटिकातही एन्झाइम जिवंत असतं. अँपिसिलीनमध्ये स्फटिक बुडवला तर काही मिनिटांत त्याचं वलय उघडतं आणि नकाशात दिसतं ते उत्पादन. हे अपयश नव्हे. ३क्यू६एक्स ही पीडीबीतली (प्रोटीन रचनांच्या जागतिक भांडारातली) नोंद नेमकी अशीच आहे: १.३ अँगस्ट्रॉमला वलय उघडलेलं अँपिसिलीन. त्यात वलय उघडल्याने नव्याने तयार झालेला कार्बोक्सिलेट झिंक-१ आणि २२०व्या अ‍ॅस्परजीनकडे वळलेला, वलयातला नायट्रोजन झिंक-२ जवळ, आणि मूळचा कार्बोक्सिलेट २११व्या लायसीनकडे असतो. आपला नकाशा वाचताना ही मांडणी समोर ठेवा.

रोधकासाठी ५ ते २० मिलिमोलर, डीएमएसओ ५ टक्क्यांपर्यंत, अर्धा तास ते रातभर. स्फटिकाला तडे गेले तर संहती टप्प्याटप्प्याने वाढवा. पुष्कळ रोधक धातूच खेचून नेतात आणि सक्रियता तशानेही थांबते. म्हणून रोधक भिजवलेल्या प्रत्येक स्फटिकात झिंकची ऑक्युपन्सी (किती रेणूंत ते जागेवर आहे ते प्रमाण) नव्याने तपासावी लागते. एल-कॅप्टोप्रिल हा चांगला सरावाचा रेणू आहे: त्याचं गंधक दोन्ही झिंकच्या मध्ये पुलासारखं बसतं, आणि ४ईएक्सएस या नोंदीशी तुम्हाला ताडून पाहता येतं.

७. गोठवणं

विहिरीच्या द्रावणात २० ते २५ टक्के ग्लिसरॉल किंवा इथिलीन ग्लायकॉल मिसळा. पाणी मिसळून नव्हे, तर पाण्याच्या जागी ग्लिसरॉल घालून, म्हणजे पीईजी पातळ होणार नाही. भिजवलेला रेणू असेल तर तोही याच द्रावणात हवा, नाहीतर वीस सेकंदांत धुऊन जातो. स्फटिकाच्याच मापाचं वेटोळं घ्या, कडेचं द्रावण टिपून काढा आणि थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा. ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला कडी दिसली तर ती बर्फाची आहेत. गोठवणरोधक वाढवा किंवा वेटोळं लहान करा.

८. क्ष-किरणांखाली

झिंकची के-कडा (ज्या ऊर्जेच्या वर ते क्ष-किरण एकदम जास्त शोषतं ती) ९.६५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे १.२८४ अँगस्ट्रॉमला आहे. निकेलची ८.३३३ ला. या दोन आकड्यांवर सगळी धातूची ओळख उभी आहे.

मुख्य डेटा नेहमीप्रमाणे १ अँगस्ट्रॉमच्या आसपास घ्या: ३६० अंश, ०.१ अंशाचं एकेक चित्र, १०० केल्विन. त्यानंतर त्याच स्फटिकाच्या ताज्या भागावर किंवा जुळ्या स्फटिकावर दोन छोटे डेटासेट घ्या, एक ९.७० ला आणि एक ९.६२ ला. अनॉमलस (धातूचं हे शोषण दाखवणाऱ्या) नकाशातलं शिखर कडेच्या वर दिसलं आणि खाली जवळजवळ नाहीसं झालं तर ते झिंक आहे. दोन्हीकडे सारखंच राहिलं तर ते निकेल असू शकतं. ही तुलना केल्याशिवाय लेखात झिंक असं लिहिणं म्हणजे गृहीत धरणं आहे. प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या स्रोताने हे जमत नाही, त्याची ऊर्जा ८.०५ म्हणजे दोन्ही कडांच्या खाली आहे.

किरणांची मात्रा आवरा. ३० मेगाग्रे ही संपूर्ण स्फटिकाची मानलेली मर्यादा आहे, पण धातूभोवतीचे बंध आणि कार्बोक्सिलेट गट त्याच्या फार आधी बिघडतात. बीम क्षीण करून ५ मेगाग्रेच्या आत राहा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ९० अंशांचे नकाशे वेगवेगळे काढून क्रियास्थळ ताडून पाहा.

९. डेटा आणि फेज

एक्सडीएस किंवा डायल्स या प्रोग्रामने चित्रं मोजा, पॉइंटलेस आणि एमलेसने एकत्र करा. बाहेरच्या थरात सीसी-हाफ (डेटाच्या दोन अर्ध्यांतली जुळणी) ०.३ च्या वर, पूर्णता ९५ टक्क्यांच्या वर असेल तिथवर रेझोल्यूशन घ्या. फक्त आय-सिग्मा (सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर) २ च्या खाली गेलं म्हणून डेटा कापणं हा जुना संकेत झाला. एक्सट्रायेज या प्रोग्राममध्ये ट्विनिंग (दोन स्फटिक एकमेकांत वाढणं) आणि सरकलेली समांतर प्रत यांची सूचना वाचा. पुढे आर-फॅक्टर २५ टक्क्यांवर अडकण्याची कारणं बऱ्याचदा इथेच लिहिलेली असतात.

असममित एककात (सममितीने पुन्हा न येणाऱ्या भागात) किती रेणू बसतात तेही बघा. समजा अवकाशगट पी२(१)२(१)२(१) आणि कडा ३९, ७९, १३४ अँगस्ट्रॉम. घनफळ सुमारे ४,१३,००० घन अँगस्ट्रॉम. चार सममित जागा आणि २५,००० डाल्टन धरले तर एका रेणूला मॅथ्यूज गुणांक ४.१ येतो, म्हणजे ७० टक्के पाणी. दोन रेणू धरले तर २.०६ आणि ४० टक्के. दोन शोधा.

फेज (विवर्तनात न नोंदले जाणारे लहरींचे कोन, त्यांच्याशिवाय नकाशा बनत नाही) काढायला फेजर हा प्रोग्राम वापरा. शोधमॉडेल म्हणून झिंक नसलेल्या एनडीएम-१ ची ३एसपीयू ही नोंद सोयीची आहे. दुसरी घेतली तर झिंक, पाणी, औषध, सगळं आधी काढून टाका. क्रियास्थळ रिकामं ठेवून फेज काढले आणि तरीही तिथे घनता उगवली, तर ती तुमच्या डेटातून आलेली आहे. टीएफझेड हा फेजरचा गुणांक ८ च्या वर गेला की उत्तर सापडलं समजा. आर-फ्रीसाठी (मॉडेल जुळवताना न वापरलेल्या डेटावरच्या आर-फॅक्टरसाठी) ५ टक्के परावर्तनं बाजूला काढा आणि त्याच प्रकारच्या सगळ्या स्फटिकांना तोच संच वापरा. नाहीतर एका डेटासेटची माहिती दुसऱ्याच्या आर-फ्रीमध्ये गळते.

१०. मॉडेल

कूट या मॉडेल बांधण्याच्या प्रोग्राममध्ये नकाशा उघडा आणि झिंकच्या जागा बघा. फरकाच्या नकाशात १० सिग्माच्या वर दोन शिखरं दिसायला हवीत. झिंक-१ भोवती हिस्टिडीन १२०, १२२ आणि १८९. झिंक-२ भोवती अ‍ॅस्पार्टेट १२४, सिस्टीन २०८ आणि हिस्टिडीन २५०. दोन्हींच्या मध्ये पाण्याचा किंवा हायड्रॉक्साइडचा ऑक्सिजन. हे क्रमांक एनडीएम-१ च्या स्वतःच्या साखळीचे आहेत. बीटा-लॅक्टमेजच्या सामाईक क्रमांकनात हीच ११६, ११८, १९६ आणि १२०, २२१, २६३ होतात. म्हणजे १२० हा आकडा एका पद्धतीत हिस्टिडीन आणि दुसरीत अ‍ॅस्पार्टेट आहे. जुने लेख वाचताना कोणती पद्धत आहे हे आधी पाहा, आणि आपल्या लेखात पहिल्याच तक्त्यात लिहा.

अंतरं: झिंक ते हिस्टिडीनचा नायट्रोजन २.० ते २.१ अँगस्ट्रॉम, अ‍ॅस्पार्टेटचा ऑक्सिजन सुमारे २.०, सिस्टीनचं गंधक २.३. ही बंधनं रिफाइनमेंट (मॉडेल डेटाशी जुळवणाऱ्या) प्रोग्रामला द्या, नाहीतर तो धातू आणि नायट्रोजन एकमेकांपासून दूर ढकलतो. १२२वं हिस्टिडीन धातूला डेल्टा नायट्रोजनने धरतं, १२०, १८९ आणि २५० एप्सिलॉनने. हे उलटं बसलं असेल तर वलय वळवा. दोन झिंकमधलं अंतर मात्र बांधू नका. ते ३.५ पासून ४.६ पर्यंत बदलतं, औषध बसलं की वाढतं, आणि तेच तुम्हाला मोजायचं आहे.

झिंकचा बी-फॅक्टर (अणू जागेवर किती हलतो त्याचं माप) त्याला धरणाऱ्या अणूंच्या जवळपास असावा. शेजारी १५ आणि झिंक ३५ असेल तर ऑक्युपन्सी एकपेक्षा कमी आहे. ती रिफाइन करा, ०.७ आली तर ०.७ लिहा. सिस्टीन २०८ च्या गंधकावर जादा घनता दिसली तर ऑक्सिडीकरणाची किंवा कॅकोडायलेटची शंका घ्या.

औषध सर्वांत शेवटी बसवा, आणि योग्य रासायनिक रूपात. वलय उघडलेल्या अँपिसिलीनचा पीडीबीतला संकेत झेडझेड७ आहे. अखंड अँपिसिलीनचा शब्दकोश (बंध आणि कोनांची यादी) दिला तर प्रोग्राम तुटलेला बंध जबरदस्तीने जोडतो आणि घनतेत न मावणारा रेणू तयार होतो. औषध काढून पोल्डर नकाशा बनवा. त्यात आकार ओळखू येत नसेल तर तिथे पाणी, सल्फेट किंवा ग्लिसरॉलच असण्याची शक्यता जास्त, कारण ही तिन्ही तुमच्या थेंबात भरपूर आहेत. नकाशाशी जुळणीचा गुणांक ०.९ च्या आसपास हवा, ०.८ च्या खाली असेल तर औषध दिसलं असं म्हणू नका. मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेमचं उत्पादन वेगवेगळ्या टॉटोमरमध्ये (हायड्रोजनची जागा बदललेल्या रूपांत) असू शकतं. २ अँगस्ट्रॉमला त्यांत फरक करणं जवळजवळ अशक्य असतं.

क्रियास्थळावर छतासारखा येणारा एल३ हा लूप, ६५ ते ७३ च्या आसपासचा, बऱ्याच स्फटिकांत सैल असतो. एका रेणूत स्पष्ट आणि दुसऱ्यात अर्धवट दिसणं सामान्य आहे. घनता नसेल तिथे साखळी ओढू नका. आणि तो शेजारच्या रेणूला टेकलेला आहे का ते जरूर तपासा, कारण मग त्याची जागा औषधाने नव्हे, स्फटिकाच्या रचनेने ठरवलेली असू शकते.

१.५ अँगस्ट्रॉमला आर-वर्क १६ ते १८ टक्के आणि आर-फ्री १९ ते २१ टक्के हे वाजवी आकडे आहेत. दोन्हींत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मॉडेलमध्ये नको ते भरलं आहे, बहुधा पाणी. मोलप्रोबिटी या तपासणी प्रोग्राममध्ये रामचंद्रन आलेखाच्या (साखळीच्या वळणांच्या कोनांच्या) पसंतीच्या भागात ९७ टक्क्यांहून जास्त अमिनो आम्लं यायला हवीत. बाहेर पडलेलं एखादं स्पष्ट घनतेत असेल तर ते खरं आहे, आकडा सुधारण्यासाठी वाकवू नका. धातूंसाठी चेकमायमेटल या सर्व्हरवर फाइल टाका. भूमिती, बी-फॅक्टर आणि ऑक्युपन्सी तिन्ही तो एकत्र तपासतो.

११. पीडीबीत जमा करणं

वनडेप या प्रणालीत एमएमसीआयएफ स्वरूपातलं मॉडेल आणि स्ट्रक्चर फॅक्टर द्या. २००८ पासून स्ट्रक्चर फॅक्टर देणं बंधनकारक आहे. मुख्य डेटासोबत कडेच्या वर-खालचे दोन अनॉमलस डेटासेटही त्याच फाइलमध्ये जोडता येतात. ते जोडाच, कारण धातू झिंकच आहे हे दुसऱ्या कुणाला तपासता येतं ते त्यावरूनच. मूळ चित्रं झेनोडोसारख्या भांडारात ठेवा. साखळीची नोंद करताना टीईव्हीने कापल्यावर पुढे उरलेलं जादा ग्लायसीन आणि क्लोनिंगमुळे आलेली अमिनो आम्लं विसरू नका. स्फटिकाच्या स्थितीत विहिरीतलं द्रावण, प्रोटीनचा बफर, पीएच, तापमान आणि भिजवण्याचा वेळ, सगळं वेगळं लिहा. पडताळणी अहवाल आल्यावर औषधाच्या आणि झिंकच्या ओळी आधी वाचा. लाल खूण असेल तर जमा करण्याचं बटण दाबण्याआधी कूटमध्ये परत जा.